डिकीत भाजलेले बूट आणि गेर्गेतीची हिमनदी

आमच्या घरात पादत्राणं उंबऱ्याच्या आत येत नाहीत. मस्कतमधल्या दार्सैतच्या आमच्या दोन खोल्यांत देवघर दारासमोरच आहे, म्हणून माझे डोंगरातले बूट कायम गाडीच्या डिकीत. हे आधी सांगतो, कारण पुढे सगळं तिथेच अडलं.

माझा मित्र बस्त्याव वसईचा, मस्कतच्या एका हॉटेलात बेकर. वीस वर्षं आम्ही दोघं शुक्रवारी पहाटे ओमानचे डोंगर चढलो. सप्टेंबरात तो कायमचा गावी परतणार होता. मी अल् खुवैरमधल्या इमारतींचे एसी सांभाळतो. यंत्राने न केलेली थंडी एकदा हात लावून पाहायची, तीही याच्या सोबतीने, हे कधीपासून ठरलेलं आणि राहून गेलेलं.

"आता नाही तर खलास," तो म्हणाला. ऑगस्टात गेर्गेतीच्या हिमनदीसाठी जॉर्जिया गाठलं. ओमानच्या रहिवासी कार्डावर आम्हाला व्हिसा लागला नाही. पण नियम बदलतात, निघण्याआधी पाहून घ्या.

तिब्लिसीहून काझबेगीला व्हॅन जाते. भाडं माणशी वीसेक लारी, म्हणजे तिथलं चलन; वेळ तीन तास. घाटात ट्रकांची रांग लागली तर जास्त. शाकाहारी असाल तर लोबियानी मागा, म्हणजे राजमा भरलेली जाड पोळी. मी तिच्यावरच दिवस काढले. तंबू गावातच भाड्याने मिळाला.

सकाळी दीड तास चढून गेर्गेतीच्या जुन्या चर्चपाशी आलो. हिमनदीची वाट तिथून वर जाते. दाराशी मी सवयीने बूट काढायला वाकलो.

"अरे दत्ता, इथे काढत नाहीत," बस्त्याव म्हणाला.

पण उजवा निघाला होता आणि त्याचा तळवा पायरीवरच राहिला होता. तो चिकटवायला लावलेला डिंक पापडासारखा कडक होऊन त्याचा भुगा झालेला. तीन उन्हाळे बूट डिकीत भाजत होते, हे तेव्हा उमगलं.

"यल्ला, खाली चल. नवे घेऊ."

खाली गेलो असतो तर दिवस गेला असता, आणि उद्या संध्याकाळी परतीची व्हॅन होती. "तंबूची जादा दोरी आहे ना?"

"आहे. बुटाला काय गवताच्या भाऱ्यासारखी बांधणार?"

"बांध."

पुटपुटत का होईना, त्याने बांधली. दर तासाला थांबून गाठी आवळायच्या. ओढा ओलांडताना डाव्याचाही तळवा सुटला, त्यालाही दोरी. बस्त्याव दर वळणावर विचारायचा, "परत?" मी नकाराची मान हलवायचो. गावच्या शाळेत मी सातवीपर्यंत अनवाणी गेलोय. पायांवर माझा भरवसा होता, बुटांवर नव्हता. खिंडीपलीकडे गवतात तंबू ठोकला. सकाळी बाटलीतल्या पाण्यावर बर्फाची साय होती.

दोन तासांनी हिमनदीच्या कडेशी पोचलो. ती पांढरीशुभ्र वगैरे नव्हती. राखाडी, खड्यांनी भरलेली, पोटातून पाण्याचा आवाज. बुटांना बांधायचे काटेरी पट्टे आणि वाटाड्या यांशिवाय वर पाऊल टाकू नये; आम्हीही टाकलं नाही. मी वाकून तळहात टेकवला. ओठांवर आपोआप रोजच्या स्नानाचा श्लोक आला. बस्त्यावने टोपी काढून क्रूसाची खूण केली.

"माझ्या फ्रीजरची थंडी बरी," थोड्या वेळाने तो म्हणाला. मग म्हणाला, "वसईत कोणाबरोबर चढणार रे मी?"

"एसी बसवायला येईन तेव्हा तुंगारेश्वर चढू."

"मोफत बसवायचा पण."

संध्याकाळची व्हॅन मिळाली. जाणाऱ्यांनी एवढंच करा: निघण्याआधी बूट हातात घेऊन वाकवून पाहा, आणि आखातातल्या गाडीत ते ठेवू नका.

सप्टेंबरात जाण्याआधी बस्त्याव दाराशी त्याचे बूट ठेवून गेला. "नऊ नंबर. तुझाच," म्हणाला. आत काही आला नाही. तो गेल्यावर मी बूट उचलले आणि गाडीची किल्ली घेतली.

"अहो, कुठे निघालात?" शुभाने, माझ्या बायकोने, विचारलं.

"डिकीत ठेवून येतो."

"द्या इकडे."

तिने तळवे ओल्या फडक्याने पुसले, झोपायच्या खोलीतल्या कपाटाच्या खालच्या कप्प्यात वर्तमानपत्र अंथरलं आणि बूट आत ठेवले. "इथे दिवसभर एसी असतो," एवढंच म्हणाली. मग हात धुऊन देवापुढे दिवा लावायला गेली.