तिसऱ्या मजल्यावरचं समाधान

दिल्लीतल्या सगळ्या बंगलेवाल्यांचं समाधान एकत्र केलं, तरी ते आमच्या मामांच्या समाधानाला पुरं पडलं नसतं. मामा निवृत्त झाले, सरोजिनी नगरचं सरकारी क्वार्टर सुटलं आणि सोडतीत त्यांना जमनापार, म्हणजे यमुनेपलीकडे, स्वस्त घरांच्या एका नव्या वसाहतीत, तिसऱ्या मजल्यावर दीड खोली लागली. तेव्हा दिल्लीभर नव्या मोटारी आणि केबलच्या वाहिन्या येत होत्या. या वसाहतीत अजून धड रस्ताही पोचायचा होता. मामांना त्याचं काही नव्हतं. पाहुणा आला की चहाच्या आधी घरदर्शन. स्वयंपाकघरात एका जागी उभं राहून सगळ्या फळ्यांना हात पोचतो, हे ते स्वतः करून दाखवत. भिंत इतकी पातळ की शेजारच्या पंजाबी कुटुंबाचा टीव्ही शब्दन् शब्द ऐकू यायचा. मामांनी आपला टीव्ही विकून टाकला. वीज गेली की त्यांना उलट हुरूप यायचा. गच्चीवर सगळी बिल्डिंग जमते, मोठ्या बंगल्यांमध्ये कोण कोणाला भेटतं, असं ते विचारत. एकदा छताचा पोपडा थेट त्यांच्या वरणात पडला. तो चमच्याने बाजूला काढून त्यांनी निरखून पाहिला आणि म्हणाले, "माल चांगला आहे. तुकडा अखंड आलाय."

वसाहतीचं खरं दुखणं होतं पाणी. वरच्या मजल्यांवर नळ होते, पाणी नव्हतं; ते खालच्या हातपंपावरून आणावं लागे. सगळ्यांनी कचेरीत पुष्कळ खेपा घातल्यावर एक अधिकारी पाहणीला यायला तयार झाला. सरकारी भाषा मामांनाच येत होती, म्हणून शेजाऱ्यांनी मनात धाकधूक असूनही त्यांनाच पुढे केलं. पंजाबी शेजारणीने मला बाजूला घेऊन विचारलंही, की मामाजी शिकायत करतील ना. मी बिल्कुल म्हटलं, पण माझीच खात्री नव्हती.

अधिकारी आला. मामांनी त्याला घर दाखवलं, खिडकीतलं वारं दाखवलं, गच्चीवर नेऊन दूरची यमुनाही दाखवली. साहेब हरखला. इथे सगळे मजेत आहेत असं समजून तो जिन्याकडे वळला, आणि दारात जमलेले शेजारी मामांकडे असे बघू लागले की मला तिथे उभं राहवेना. तेवढ्यात मामी बाहेर आल्या. परक्या माणसांसमोर बोलायची त्यांना सवय नव्हती, हिंदी तर भाजीवाल्यापुरतीच. पदराला हात पुसत त्या म्हणाल्या, "साहब, ये बहुत खुश हैं. क्योंकि पानी मैं भरती हूँ."

कुणी हसलं नाही. साहेब पाण्याबद्दल विचारू लागला, बायका भडाभडा सांगू लागल्या, आणि मामा मात्र दाराआडच्या बादल्यांकडे पाहत राहिले, जणू त्या आजच घरात आल्या होत्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी हातपंपावर, बायकांच्या रांगेत, लेंगा वर खोचून मामा उभे होते. अर्धं पाणी जिन्यातच सांडायचं आणि खालच्या मजल्यावरचे ओरडायचे. थोड्याच दिवसांत ते पंपाचीही तारीफ करू लागले, पण मामींना पुन्हा बादली उचलू दिली नाही.

नळाला पाणी यायला बराच काळ गेला. ते आलं तोवर मामींचे गुडघे कामातून गेले होते. जिना उतरणं संपलं. मुलगा गुडगावच्या लिफ्टवाल्या घरात बोलावत राहिला, त्या गेल्या नाहीत. मामा रोज संध्याकाळी खाली जातात आणि सगळी वसाहत मामींसाठी वर घेऊन येतात: कुणाची सून आली, कुठे नवं दुकान उघडलं, कोपऱ्यावरचा बहावा फुलला की नाही.

परवा मी त्यांच्याकडे गेले तेव्हा मामी दाराशी खुर्ची घेऊन बसल्या होत्या. बोलता बोलता मध्येच थांबल्या. जिन्यात पावलं वाजत होती, प्रत्येक वळणावर थांबत, दम घेत.

"येतील," मामी म्हणाल्या. "हल्ली वेळ लागतो त्यांना."

चहा टाकायला उठावं असं दोघींनाही वाटलं नाही. पावलं वर येईपर्यंत आम्ही ऐकत बसलो.