इतिहासाच्या वर्गातला दहावा

आमच्या घरापासून चालत वीस मिनिटांवर विद्यापीठाचं उपकेंद्र आहे. पूर्वी ते गावात एका फर्निचरच्या दुकानावर, दोन खोल्यांत होतं. मग शहराबाहेर जमीन मिळाली आणि तिथं सगळ्यांत आधी कमान उभी राहिली. कमानीतून आत गेलं की बराच वेळ नुसतं कुसळी गवत. पुढे इमारत आली, तिच्यावर मजला चढला, आणि दर वेळी फीत कापायला नवे पाहुणे आले. भाषणांत ज्ञानाच्या प्रवाहाबद्दल पुष्कळ काही असे. पाणी मात्र टँकरचं.

नाशिक रोडच्या छापखान्यात माझी सगळी नोकरी छापील कागदातली खोट शोधण्यात गेली. निवृत्तीनंतर मी उपकेंद्राच्या ग्रंथालयात पेपर वाचायला जाऊ लागलो, पण सवय सुटली नाही. माहितीपत्रकावर 'वाढता विद्यार्थीवर्ग' असं छापलं होतं आणि फोटोंत तेच चार विद्यार्थी निरनिराळ्या खोल्यांत बसले होते.

गेल्या जुलैत कार्यालयाबाहेरच्या बाकावर सुरगाण्याकडची एक मुलगी रोज बसलेली दिसायची. एम.ए. इतिहासाला तिनं प्रवेश घेतला होता, पण दहा प्रवेश झाल्याशिवाय वर्ग सुरू होणार नव्हता. झाले होते नऊ. दहावा आला नाही तर सगळ्यांना मुख्य आवारात पाठवणार, ते दुसऱ्या जिल्ह्यात.

"मग जायचं तिकडे," मी म्हणालो. "तिकडचं ग्रंथालय तरी खरं आहे."

"बाबा नाय पाठवायचे. इथं मावशी आहे म्हणून इथवर. तिकडं नाव गेलं तर माझं शिकणं संपलं."

तेवढ्यात समन्वयक मॅडम बाहेर आल्या. "काका, तुम्ही बी.ए. ना? रोज येताच, तर फॉर्मच भरा की."

"म्हणजे तुमच्या अहवालात वर्ग चालू दिसायला मी हवा."

"हो," त्या म्हणाल्या. "आणि हिला वर्ग हवाय."

इतकं सरळ उत्तर मिळाल्यावर मला जास्तच शंका आली. मी यादी मागितली. नवव्या क्रमांकावर गेटवरचा सुरक्षारक्षक होता. त्याला जाऊन विचारलं, "तू खरंच शिकणार आहेस?"

"का काका? आम्ही नुसतं गेटच उघडायचं का?"

मग मी नियम छापील स्वरूपात मागितला आणि तीनदा वाचला. वयाची अट नव्हती. प्रवेश घेऊन शिकलो तर त्यात खोटं काही नव्हतं. अडचण एवढीच की खरंच शिकावं लागणार होतं. शेवटच्या दिवशी, खिडकी बंद व्हायच्या अर्धा तास आधी, मी फॉर्म भरला.

"कुणी फसवलं का तुम्हाला?" बायकोनं विचारलं.

"अजून कळलेलं नाही," मी म्हणालो.

वर्ग सुरू झाला. पहिल्याच आठवड्यात फोटोवाला आला आणि मला पुढच्या बाकावर या म्हणाला. मी मागेच बसलो. महिनाभरानं सर्दीतापानं दोन दिवस घरी राहिलो. तिसऱ्या दिवशी सकाळी दारात ती मुलगी उभी.

"तुमचे चार तास बुडाले," ती म्हणाली.

"ताप होता गं."

"मागच्या वर्षी सिन्नरचे एक काका होते म्हणे. नाव लावलं, आठवडाभर बसले आणि यायचे बंद झाले. मग एकेक जण गळत गेला नि वर्गच मोडला. मॅडमनी सांगितलं."

"मी तसा वाटतो का?"

तिनं टेबलावरच्या गोळ्यांकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"आता ताप आहे?"

"नाही."

"अकराचा तास आहे," ती म्हणाली, आणि मी चपला घालेपर्यंत दारातून हलली नाही.