टपलीकाकांचा हात

शनिवार, १८ जानेवारी, सकाळी साडेनऊ. बर्फाच्या उताराच्या पायथ्याशी टपलीकाकांनी माझ्या मुलाच्या, अनिकेतच्या, डोक्यावरचे हेल्मेट उपटले आणि आतली लोकरीची कानटोपी ओढून बर्फात फेकली.

हा माणूस हाताने बोलत असे. अमेरिकेत, बेलव्ह्यूला नव्याने आलेल्या मराठी पोरांना ते दर हिवाळ्यात स्कीइंग शिकवत. आधी प्रत्येकाचे हेल्मेट दोन्ही हातांनी धरून मान मोडेल असे हलवत. हेल्मेट सरकले, की ते काढून उघड्या टाळूवर टपली बसे. डोळ्यांत पाणी येई.

आपली मुले एक चूक हमखास करतात. घरून आलेली जाड कानटोपी आधी घालतात, वर हेल्मेट चढवतात. मग ते सैल बसते आणि पडताना कपाळ उघडे टाकते. काका म्हणत, "हेल्मेट डोक्याला हवं, टोपीला नको."

एकाचे हेल्मेट झाडावर आपटले होते. वरून केवळ ओरखडा. काकांनी ते गाडीच्या चाकाखाली घालून चिरडले. "मार खाल्लेलं हेल्मेट मेलेलं असतं," एवढेच बोलले.

त्या सकाळी अनिकेत भडकला. "आईनं विणलीय, काका. डोन्ट टच इट," म्हणत त्याने त्यांना ढकलले. ते बर्फात पडले. उठून त्यांनी आजवरची सर्वांत जबर टपली हाणली.

"डोकं फुटलं तर तुझ्या आईला काय सांगू? टोपी शाबूत आहे म्हणून?"

हेल्मेट पुन्हा चढवून हनुवटीखालचा पट्टा त्यांनीच आवळला. दोघे वर गेले. मी खाली उभा राहिलो.

उतरताना ताबा सुटलेला एक स्नोबोर्डवाला मागून दोघांवर आदळला. अनिकेतचे डोके झाडाच्या खोडावर आपटले; तो आवाज मला खाली ऐकू आला. हेल्मेट उभे चिरले. काकांच्या बरगड्या मोडून आत शिरल्या होत्या. तोंडातून येणाऱ्या रक्ताने बर्फ लाल झाला. मी वर पोहोचेपर्यंत ते गेले होते.

इस्पितळात अनिकेतची तपासणी झाली. दोन दात पडले होते. मेंदूला इजा नव्हती. तो काकांविषयी विचारत राहिला, मी सांगितले.

काकांची गाडी मी त्यांच्या घरी नेली. काकूंना बातमी पोहोचली होती. त्या दारातच उभ्या होत्या.

"पोराचं डोकं?" त्यांनी विचारले.

"वाचलं."

त्या आत गेल्या. मी गाडीतून काकांच्या स्की काढल्या. ओल्या राहिल्या तर पोलादी कडा गंजतात. फडक्याने त्या कोरड्या केल्या आणि गॅरेजमध्ये खुंटीवर टांगल्या.