रंग ठरवणारे आबा

आबांना लाल आणि हिरवा यांतला फरक कळत नसे. तरीही आमच्या सैन्यांचे रंग तेच ठरवत.

सैन्य म्हणजे बोटाच्या पेराएवढे प्लास्टिकचे सैनिक. आम्ही चौघे मित्र, सगळे चाळिशी ओलांडलेले, रविवारी दुपारी माझ्या सांगलीच्या घरी टेबलावर डोंगर-नदी मांडतो आणि फासे टाकत लढाया खेळतो. सैनिक करडेच मिळतात, रंगवायचे आपण. आबा आमचे शेजारी. माण भागातले मेंढपाळ. मुलाला कुपवाडच्या कारखान्यात नोकरी लागली, तेव्हा मेंढरं विकून त्याच्याकडे राहायला आले होते.

एकदा मी त्यांना नवी तुकडी दाखवायला बोलावलं. किरमिजी अंगरखे, हिरवे पट्टे, तांबड्या ढाली. महिनाभर खपलो होतो. आबा दारातच थांबले.

"ह्यात माणूस कुठला आन् ढाल कुठली?"

"आबा, ही काय तांबडी ढाल!"

"मला तांबडं-हिरवं एकच दिसतंय," ते शांतपणे म्हणाले. "पर तुला तरी हितनं दिसतंय का?"

मी त्यांच्या शेजारी दारात जाऊन उभा राहिलो. टेबलावर नुसता चिखल होता.

तेव्हापासून दर रविवारी त्यांची शिकवणी सुरू झाली. "आदी माती ठरव. जिच्यावर हुबा ऱ्हाणार, तिच्यात माणूस मिसळाय नगं." मग अंगावर गडद काय, फिकट काय, ते ठरायचं. रंगाचं नाव सगळ्यांत शेवटी. एकच सैनिक रंगवायचा, टेबलावर ठेवायचा आणि दारातून बघायचं. "एकावर चुकीव, पन्नासावर नगं." आमच्यातल्या एकाला सगळ्यांना सोनेरी चिलखत हवं होतं. आबा म्हणाले, "समदंच नवरदेव केलं तर वरात कुणाची रं?" सोनेरी फक्त सेनापतीला मिळालं.

हे कुठे शिकलात, असं मी विचारलं तेव्हा त्यांनी मेंढरांची गोष्ट सांगितली. प्रत्येक कळपाच्या पाठीवर रंगाची खूण असते. त्यांच्या घरची पिढ्यान्‌पिढ्या तांबडी. दहा वर्षांचे असताना ते हिरव्या खुणेची दोन परकी मेंढरं हाकत घेऊन आले आणि स्वतःची दोन माळावर सोडून आले. चुलते काठी घेऊन धावले. वडलांनी त्यांना अडवलं. पोराला जवळ बसवून, वेगवेगळी फडकी पुढं धरून, काय दिसतं ते विचारलं. पुढच्या वेळी लोकर कातरल्यावर सगळ्या कळपावर निळी खूण आली.

"चार पिढ्यांची खूण व्हती. माझ्यापायी बदलली," आबा म्हणाले आणि बराच वेळ निळ्या रंगाची बाटली हातात फिरवत राहिले.

पुढे मुलाला साताऱ्याला नोकरी लागली. आबाही तिकडे राहायला गेले, तरी फोनवर रंग ठरतच होते. "फोटू धाडू नगं, तोंडानं सांग. सांगता आलं न्हाई, तर तुझं अजून ठरलंच न्हाई."

गेल्या चैत्रात ते झोपेतच गेले. मी साताऱ्याला भेटायला गेलो. त्यांच्या सुनेनं चहा पुढे ठेवला आणि एकदम विचारलं, "भावजी, आबा तुमास्नी भरतीचं बोलले व्हते का वो?"

"नाही. कसली भरती?"

"फौजंची. पळण्यात पयले आले व्हते. मग डाक्टरनं रंगीत ठिपक्यांचं पुस्तक म्होरं धरलं, त्यातला आकडा काय दिसंना. माघारी धाडलं. सासूबाईंशिवाय कुणाला सांगितलं न्हाई त्यांनी. त्याच आमास्नी सांगून गेल्या."

मी कप खाली ठेवला.

"सांगलीत असताना दर रविवारी माझ्याकडनं सदऱ्याला इस्तरी करून घ्यायचे," ती म्हणाली. "कुठं निघाला आबा, म्हटलं की म्हणायचे, पलटणीत."