माहेरचा आहेर आणि दुसऱ्याचं कार्ड

माझ्या मेहुण्याला लॉरी चालवण्याचा परवाना परत मिळाला, त्याची ही हकिकत. ती लिहू का, असं मी त्याला विचारलं होतं. तो म्हणाला, "लिहा. नाव टाकू नका. माझंही आणि तुमचंही. आणि ताईला छापून आल्यावर कळू नये. आधी तोंडानं सांगा." ताई म्हणजे त्याची मोठी बहीण, माझी बायको.

पुण्यातल्या एका दैनिकात मी बारा वर्षं उपसंपादक होतो. बायकोला बर्मिंगहॅमच्या हॉस्पिटलात नोकरी लागली आणि आम्ही इकडे आलो. मला एका मालवाहतूक कंपनीच्या ऑफिसात काम मिळालं. कोणती लॉरी कुठे जाईल, कोण चालवेल, कधी परतेल, हे ठरवायचं. मेहुणा नंतर आला, नर्स असलेल्या बायकोबरोबर. सांगलीत त्यानं ट्रक चालवले होते. इथल्या परीक्षा पहिल्या फटक्यात पास झाला आणि माझ्याच कंपनीत लागला. ऑफिसात सगळ्यांदेखत तो मला दाजी म्हणायचा. इंग्रज ड्रायव्हरही मला दाजी म्हणू लागले. त्यांना ते माझं नाव वाटत होतं.

इथे प्रत्येक लॉरीत एक यंत्र असतं, टॅकोग्राफ. ड्रायव्हरनं त्यात स्वतःचं कार्ड घालायचं. तो किती तास चालवतो, किती तास थांबतो, हे त्यावर नोंदलं जातं. दिवसाचे तास संपले की गाडी आहे तिथे लावायची आणि विश्रांती घ्यायची. दुसऱ्याचं कार्ड घालून चालवणं हा फौजदारी गुन्हा आहे. हे मला पाठ होतं. ड्रायव्हरांना ते समजावून सांगणं माझ्याच कामात येत होतं.

आम्ही घर घेतलं आणि वास्तुशांतीचा दिवस ठरला. सासूबाईंनी आहेर पाठवला होता: मुलीला साडी, जावयाला शर्ट-पँटचं कापड. तो सांगलीहून आलेल्या एका ओळखीच्या कुटुंबाबरोबर लंडनच्या हाउन्सलो भागात पोहोचला होता. मेहुण्याची त्या दिवशी तिकडेच फेरी होती. येताना पिशवी घेऊन यायचं आणि संध्याकाळी बहिणीच्या हातात आहेर द्यायचा, असं ठरलं. माहेरचा आहेर भावानंच द्यायचा असतो. सासूबाई फोनवर तीनदा तेच म्हणाल्या होत्या.

एक ड्रायव्हर सुट्टीवर परदेशी गेला होता. त्याचं कार्ड ऑफिसच्या ड्रॉवरमध्ये पडून होतं. आदल्या दिवशी मी ते मेहुण्याच्या हातात दिलं. "तिकडे माल भरायला वेळ लावतात. असू दे जवळ."

त्यानं कार्डाकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि खिशात टाकलं. मी दाजी होतो, शिवाय साहेब. नाही म्हणायला त्याला दोन्हीकडून जागा नव्हती.

माल भरायला खरोखरच वेळ लागला. दुपारी त्याचा फोन आला. "दाजी, माझे तास बसत नाहीत. वाटेतच लावावी लागेल गाडी."

घरात गुरुजी बसले होते, पाहुणे आले होते. मी म्हणालो, "ताई थांबलीये तुझ्यासाठी. कार्ड आहे ना?"

तो "बरं" म्हणाला.

मोटरवेवरच्या तपासणीत त्याला बाजूला घेतलं गेलं. कार्डावर ड्रायव्हरचा फोटो असतो. तो फोटो सोनेरी केसांच्या माणसाचा होता. अधिकाऱ्यानं फोटोकडे आणि मेहुण्याकडे पाहून फक्त एवढंच विचारलं, की मधल्या काळात तब्येत बिघडली होती का. हे मेहुण्यानंच पुढे मला हसत सांगितलं. त्या दिवशी तो हसला नसणार. मी प्रसाद वाटत होतो, तेव्हा त्याचा फोन आला.

चौकशीत त्यानं सांगितलं, की कार्ड ड्रॉवरमधून त्यानंच उचललं. कोर्टातही तेच सांगितलं. आमच्याकडे जावयाचं नाव असल्या कामात घेत नाहीत. त्यानं ते घेतलं नाही, आणि मीही सुचवलं नाही. बिनपगारी समाजसेवेची शिक्षा झाली. लॉरीचा परवाना काढून घेतला गेला, नोकरी गेली. उद्यानातली बाकं रंगवून त्यानं शिक्षा पुरी केली. मग एका गोदामात दुसऱ्यांच्या लॉऱ्या भरायला लागला. व्हिसाच्या प्रत्येक अर्जात त्याला तो गुन्हा लिहावा लागतो. मला कंपनीनं काहीही विचारलं नाही. ड्रॉवरला मात्र कुलूप बसवलं आणि किल्ली माझ्याकडे दिली.

आहेराची पिशवी त्यानं दुसऱ्याच दिवशी आणून दिली होती. बायको साडी नेसली. माझं कापड कपाटात राहिलं. इथे चांगला शिंपी नाही, असं मी सांगत आलो.

परवान्यासाठी पुन्हा अर्ज करण्याची मुभा मिळाली, तोवर बाकीची कागदपत्रंही बाद झाली होती. वैद्यकीय तपासणी नव्यानं, ड्रायव्हरांचं सक्तीचं प्रशिक्षण नव्यानं, टॅकोग्राफचं कार्ड नव्यानं. मी प्रत्येक ठिकाणी त्याला गाडीनं सोडायला गेलो. त्यानं बोलावलं नव्हतं. एकदा तो म्हणाला, "दाजी, तुम्ही मला शाळेत सोडल्यासारखं सोडता. डबा तेवढा राहिला." पुढच्या वेळी मी डबा नेला. त्यानं तो घेतला, पण हसला नाही.

शेवटी सुनावणी होती. लॉरीचे परवाने द्यायचे की नाही हे ठरवणाऱ्या ट्रॅफिक कमिशनरसमोर बसून सांगायचं, की आता आपल्यावर विश्वास का ठेवावा. वाटेत मी आरशात बघून टाय नीट करत होतो. तो म्हणाला, "राहू द्या. त्यांना मला बघायचंय, तुम्हाला नाही."

खोली लहान होती. कमिशनर बाई हळू बोलत होत्या. मी मागच्या खुर्चीवर बसलो. त्यांनी सगळा जुना तपशील वाचून दाखवला आणि विचारलं, "गाडी घेऊन या, असा ऑफिसातून कोणी दबाव आणला होता?"

"नाही," मेहुणा म्हणाला.

"मग एवढी घाई कशाची होती?"

"बहिणीच्या नव्या घराची पूजा होती. भाऊ लागतो."

बाईंनी ते लिहून घेतलं. "उद्या पुन्हा अशीच पूजा असेल तर?"

"गाडी लावीन. पूजा माझ्यावाचून होईल. त्या दिवशीही झाली."

बातमीत अशा वेळी लिहितात, की उपस्थितांपैकी कोणीही आक्षेप घेतला नाही. उपस्थितांत मी होतो. बोलायला उठावं असं वाटलं आणि मी उठलो नाही, एवढंच नोंदवता येतं.

परवाना मिळाला. ताकीद मिळाली, की पुन्हा असं झालं तर कायमचा जाईल. बाहेर गाडीपाशी मी म्हणालो, "मी बोलायला हवं होतं."

"आता?" तो म्हणाला. "आता बोलला असतात, तर मी कोर्टात खोटं बोललो असं निघालं असतं. परवाना गेलाच असता, वर आणखी काहीतरी चिकटलं असतं. बोलायचं तेव्हा बोलायचं असतं, दाजी. पेपरात शिळी बातमी छापायचात का तुम्ही?"

गाडी मी चालवत होतो. घरी पोहोचेपर्यंत त्यानं रेडिओ लावून ठेवला.

दोन कंपन्यांनी गुन्ह्याचा रकाना वाचून नकार दिला. तिसरीनं घेतलं. पहिल्या आठवड्यात त्याला गाडी मागे घेता येईना, इतके हात आखडले होते, असं त्याच्या बायकोनं सांगितलं. मग हात सरावले.

त्यानंतरची भाऊबीज कामाच्या दिवशी आली. बायकोनं हॉस्पिटलातून लवकर सुटी घेतली, करंज्या केल्या, ओवाळायचं ताट तयार केलं. मेहुणा हाउन्सलोकडे गेला होता. संध्याकाळी फोन आला आणि तो मी उचलला.

"दाजी, माल उशिरा भरला. तास संपले. ऑक्सफर्डच्या अलीकडे गाडी लावलीय. ताईला सांगा, उद्या येतो."

"हो," मी म्हणालो. "लाव. उद्या ये."

"नक्की ना?" तो म्हणाला. मी काही बोलायच्या आत त्यानं फोन ठेवला.

बायकोला सांगितलं. तिनं निरांजन तबकातून उचलून बाजूला ठेवलं आणि म्हणाली, "बरोबर केलं त्यानं. तेव्हाही एवढी अक्कल दाखवली असती, तर एवढं रामायण झालंच नसतं."

मी तिला सांगितलं. कार्ड मी दिलं होतं, आणि फोनवर काय म्हणालो होतो, तेही. तिनं मधे थांबवलं नाही. शेवटी एकच प्रश्न विचारला.

"आईला ठाऊक आहे?"

"नाही."

"तिला मी सांगणार नाही. तू सांग."

त्यानंतर ती स्वयंपाकघरात गेली. तिथे बराच वेळ नळ चालू होता.

दुसऱ्या दिवशी मेहुणा आला, अंघोळ करून, इस्त्रीच्या शर्टात. तिनं त्याला पाटावर बसवलं, टिळा लावला, ओवाळलं. त्यानं तबकात ओवाळणी घातली. मग ती आत जाऊन कपाटातलं ते शर्ट-पँटचं कापड घेऊन आली, सांगलीच्या दुकानाच्या कागदात होतं तसंच. तिनं ते त्याच्या मांडीवर ठेवलं.

"ताई, हे दाजींचं आहे," तो म्हणाला.

"शिवून घे," ती म्हणाली. "तुझ्या मापाचं."

त्यानं माझ्याकडे पाहिलं. मी मान डोलावली. तिनं करंज्यांची बशी आणली आणि आधी त्याच्यापुढे केली.