बुटाची नाडी बांधलेला कॅमेरा

माझ्या थोरल्या भावाचा फोटो स्टुडिओ आहे आणि गेली बावीस वर्षं त्याचं काउंटर मी सांभाळते, त्यामुळे त्याच्यावर चिडायचा पहिला हक्क माझा. दादा फोटो काढत नाही, माणसांचा अंत बघतो. पासपोर्टचा फोटो म्हणजे पाच मिनिटांचं काम. हा मात्र गिऱ्हाइकाला स्टुलावर बसवून त्याच्या मुलाबाळांची चौकशी करत बसतो. बाहेर ताटकळलेले लोक आधी घड्याळाकडे बघतात आणि मग माझ्याकडे.

त्यात त्याची एक खोड आहे. त्याच्याकडे दोन कॅमेरे असतात. एक चांगला, आणि दुसरा भंगारातून उचललेला, ज्याला पट्ट्याऐवजी बुटाची तपकिरी नाडी बांधली आहे. नाडीवाल्यात कधीच रोल नसतो. तो नुसता वाजतो, पण वाजतो मोठ्या झोकात. दादा आधी त्याने ‘खट्’ करतो, ‘झाला’ म्हणतो. समोरचा माणूस सुस्कारा सोडतो, खांदे सैल करतो, आणि तेवढ्यात हा चांगला कॅमेरा उचलून खरा फोटो घेतो. त्याचं म्हणणं, लोक फोटोसाठी वेगळा चेहरा घालून येतात, तो आधी उतरवावा लागतो. आता रोलचा जमाना गेला, शंभर फोटो काढून नव्व्याण्णव पुसता येतात, तरी हे नाटक चालूच आहे. सांगून सांगून मी हात टेकले.

दर रविवारी तो त्याच्या दातांच्या डॉक्टर मित्राबरोबर तळ्यावर फोटो काढायला जातो. एकदा मीही गेले, दुर्बुद्धी सुचली म्हणून. एका पक्ष्यासाठी तीन तास दगडावर बसलो. शेवटी पक्षी आला, त्याने पंख पसरले, डॉक्टरांनी धडाधड तीस फोटो काढले. दादाने एकही काढला नाही.

"का रे?" मी विचारलं.

"बघत होतो," तो म्हणाला.

निघताना त्याने फोटो काढला तो कशाचा, तर तळ्याच्या रखवालदाराने बाकाखाली काढून ठेवलेल्या चपलांचा. तो आता स्टुडिओच्या दारापाशी लावलाय. येणारी निम्मी गिऱ्हाइकं विचारतात, इथे चपला काढायच्या का?

हे सगळं मी चालवून घेतलं असतं. पण गेल्या महिन्यात आईच्या हृदयाचं ऑपरेशन ठरलं आणि हॉस्पिटलात जाण्याआधी तिने एकच गोष्ट मागितली.

"तुझ्या बाबांचा हसतानाचा फोटो शोधून दे. उशाशी ठेवीन."

बाबा जाऊन सहा वर्षं झाली. प्रत्येक फोटोत ते साक्ष द्यायला आल्यासारखे बसलेले आहेत. पण लग्नाच्या चाळिसाव्या वाढदिवसाला दादाने दोघांचा फोटो काढला, तेव्हा ते हसले होते, हे आईचं ठाम म्हणणं. "माझ्या शेजारी बसून हसले. तुझा दादा समोरच होता, बघत होता."

मी स्टुडिओच्या माळ्यावरचे अकरा खोके उपसले. शिंकून शिंकून जीव गेला. दादा खाली शिडी धरून उभा, मूग गिळून. चौथ्या दिवशी त्या वाढदिवसाची निगेटिव्हची पट्टी सापडली. तीन फोटो, तिन्हींत बाबा गंभीर.

"हसतानाचा कुठंय?"

"ते नाडीवाल्याला हसले," दादा म्हणाला.

"आणि हे तू मला अकराव्या खोक्यानंतर सांगतोस?"

"वाटलं, निघेल एखादा."

त्याला शिडीवरून ढकलून द्यावंसं वाटलं, पण शिडीवर मीच होते.

आईला सांगायचं काम मी त्याच्यावरच टाकलं. ती पलंगावर बसून हॉस्पिटलची पिशवी भरत होती.

"आई, बाबा हसले तेव्हा कॅमेरा रिकामा होता," तो म्हणाला.

"माहीत आहे. यांनी नाडी ओळखली होती. माझ्या कानात म्हणाले, हा खोटा आहे, हसून घेऊ. पण तुझ्या हातात दुसरा होता ना? मला वाटलं, तू घेतला असशील."

दादा खाली बघत म्हणाला, "बघतच राहिलो गं."

मला तळ्यावरचा तो पक्षी आठवला आणि डोकं फिरलं. वर रडू आलं, त्याचा आणखी राग आला.

रविवारी दादा तळ्यावर गेला नाही. दुपारभर मागच्या पायरीवर कॅमेऱ्यांशी खुडबूड करत बसला. उद्या ऑपरेशन आणि याचं काय चाललंय, म्हणून मी त्याला झापलंही. संध्याकाळी तो आईसमोर येऊन बसला. गळ्यात तीच तपकिरी नाडी.

"आई, बाबा कसे हसले ते करून दाखव ना."

"आता त्याचा काय उपयोग?" आईने नाडीकडे बघितलं. "रिकामाच आहे ना?"

"रिकामाच."

तिने हनुवटी छातीला टेकवली, डावा डोळा मिटला आणि तोंड बंद ठेवून नुसते खांदे हलवले. हुबेहूब बाबा. मग स्वतःच्याच नकलेवर तिला हसू फुटलं. कॅमेरा हळूच वाजला, नाडीवाल्यासारखा झोकात नाही. मी बघितलं, तर नाडी चांगल्या कॅमेऱ्याला बांधलेली होती.

त्याने फोटो तिला दाखवला. ती बराच वेळ बघत राहिली.

"लबाड," ती म्हणाली. "छापून दे."

सोमवारी सकाळी हॉस्पिटलच्या खाटेवर तो फोटो उशाशी ठेवून ती ऑपरेशनला आत गेली. आम्ही दोघं बाहेरच्या बाकावर. दादाच्या गळ्यात कॅमेरा तसाच. येणारेजाणारे त्या मळक्या नाडीकडे बघत होते.

"आता तरी सोड ती," मी म्हणाले. "चांगला पट्टा आहे ना घरी?"

"राहू दे," तो म्हणाला. "आई बाहेर आली की लागेल."