आधी सँपल दाखवा

परभणीच्या बाजारात मिळत नाही अशी वस्तू जगात तयारच होत नाही, आणि एखादी झालीच असेल तर तिची माणसाला गरज नाही, असं छातीठोकपणे सांगणारा एकच माणूस मी पाहिला आहे. ते म्हणजे आमचे दाजी, माझ्या थोरल्या बहिणीचे, अक्काचे यजमान. हे गृहस्थ गेली तीसेक वर्षं रोज सकाळी चुडाव्याच्या स्टेशनावर पॅसेंजर धरतात, परभणीला उतरतात, गावातल्या घराघरांतून सांगितलेल्या वस्तू हुडकतात आणि संध्याकाळच्या गाडीनं दोन पिशव्या भरून परत येतात. कुणाच्या शेगडीचा बर्नर, कुणाच्या फवारणी पंपाचा वॉशर, कुणाच्या साडीला जुळणारं रीळ. दुकान नाही, पाटी नाही, वही तर नाहीच. वस्तूमागं थोडी हमाली घ्यायची आणि सगळं गाव खिशात घालून हिंडायचं, हा त्यांचा धंदा.

गाव खिशात, कारण दाजींचा सगळा कारभार सँपलवर चालतो. तोंडी ऑर्डर ते घेतच नाहीत. शर्टाच्या वरच्या खिशात बायकांनी दिलेले दोरे आणि बांगड्यांचे तुकडे, पँटच्या उजव्या खिशात नटबोल्ट, डाव्यात औषधांच्या रिकाम्या पट्ट्या. एका शाळेच्या बाईंनी एकदा नुसतंच "निळं रीळ आणा" म्हटलं, तर भर रस्त्यात त्यांची शिकवणी सुरू झाली. "निळं मंजे कोणतं निळं? आभाळ निळं हाय, शाई निळी हाय, आन् आमच्या म्हशीच्या डोळ्यात बी निळी झाक हाय. आधी सँपल दाखवा." बाईंनी मुकाट्यानं पदराचा दोरा काढून दिला. तो दाजींनी उन्हात धरला, डावीकडून पाहिला, उजवीकडून पाहिला आणि मगच खिशात टाकला. दोरा उन्हात धरल्याशिवाय खिशात जाणार नाही, हा त्यांचा नियम. आभाळ भरून आलं असेल त्या दिवशी रंगाचं काम बंद, मग कुणाचं लग्न का अडेना! आणि एकदा पाहिलेला दोरा ते जन्मात विसरत नाहीत. एका बारशात त्यांनी अनोळखी बाईकडे टक लावून पाहिलं आणि मोठ्यांदा म्हणाले, "ह्या साडीचा फॉल मी आणलाय, पाच वर्सांखाली." ती बिचारी नवऱ्यामागं जाऊन उभी राहिली. अक्कानं त्यांना जे ओढत बाहेर नेलं, ते घुगऱ्या न खाताच आम्ही घरी आलो.

चष्म्याची गोष्ट तर अख्ख्या पॅसेंजरला पाठ आहे. आमच्या गल्लीतल्या एका आजींच्या चष्म्याची दांडी मोडली, फ्रेम हरवली, आता सँपल आणायचं कुठून? दाजींनी अंगठा आणि पहिलं बोट आजींच्या नाकाला लावलं, माप घेतलं आणि बोटं तशीच धरून स्टेशनावर गेले. गाडीत त्यांनी चहा डाव्या हातानं घेतला, तिकीट डाव्या हातानं दाखवलं. पिंगळीला एक जुना मित्र चढला, त्यानं हात पुढं केला, तर हे म्हणतात, "आज न्हाई, हातात आजीचं नाक हाय." मित्र तीन दिवस रुसला होता. पण चष्मा आजींच्या नाकावर असा बसला की आजी तो झोपतानाही काढायच्या नाहीत.

परभणीचे दुकानदारही त्यांचेच. दहा रंगांची रिळं जांगड द्यायचे, म्हणजे पसंत पडेल ते ठेवायचं आणि बाकीचं परत. पावती नाही, सही नाही. दाजी नऊ रिळं दुसऱ्या दिवशी जशीच्या तशी नेऊन ठेवायचे. मी एकदा मोठ्या ऐटीत सांगायला गेलो की आता फोनवरून मागवलेली वस्तू आवडली नाही तर परत करता येते. दाजी म्हणाले, "मंजे जांगडच की! त्यात नवीन काय केलं त्यांनी?"

आता इथं मला माझं पाप सांगितलं पाहिजे. चुडाव्यात माझं दुकान आहे, झेरॉक्सचं, रिचार्जचं आणि फॉर्म भरायचं. चारेक वर्षांपूर्वी मी तिथं ऑनलाइन मालाचा पॉइंट घेतला. लोकांनी फोनवर बोट ठेवायचं, माल माझ्याकडे यायचा, मी वाटायचा. सुरुवातीला दोन खोकी यायची, मग छोटा टेम्पो यायला लागला. मी खूश होतो, खोटं कशाला बोलू? पण ती खोकी वाढत होती तशा दाजींच्या पिशव्या चपट्या होत होत्या, आणि ते मला दिसत होतं. दाजी चिडले असते तर बरं वाटलं असतं. ते रोज संध्याकाळी दुकानात येऊन खोकी न्याहाळायचे आणि म्हणायचे, "एवढ्याशा वॉशरला एवढं मोठं खोकं? खोकं कुणी मागितलं होतं?"

गाडी मात्र त्यांनी एक दिवस चुकवली नाही. पिशवीत काही नसलं तरी सकाळी इस्त्रीचा शर्ट घालून स्टेशनावर हजर. अक्का रोज निघताना त्यांच्या हातात चार-पाच दोरे ठेवायची. "हा शेजारच्या वहिनींचा, हा पाटलाच्या सुनंचा," असं सांगायची. चला, काही बायका अजून इमान धरून आहेत, असं मला वाटायचं. तेवढ्या चार दोऱ्यांसाठी हा माणूस परभणीला जायचा, चार रिळं आणायचा, अक्काच्या हातात द्यायचा. मला राहवलं नाही. एकदा म्हणालो, "दाजी, चार रिळांसाठी कामून हेलपाटे घालायलाव? घरी बसा की."

दाजींनी माझ्याकडे असं पाहिलं की मी फॉर्मात तोंड घातलं. "पाव्हणं, मी गाडी सोडली की दुकानदार मला इसरणार. आन् ते इसरले की गाव बी इसरणार. मंग मी कोण? मी गाडी सोडणार न्हाई. खोकी येऊ द्या किती यायची ती."

आणि मग ते लग्न आलं. आमच्याच गल्लीतलं. नवरीच्या मावशीनं शालूवर जुळणारं ब्लाउजचं मोरपंखी कापड फोनवरून मागवलं, खोकं माझ्याकडे आलं, लग्नाला चार दिवस राहिले असताना उघडलं, आणि मावशी माझ्या काउंटरवर ते कापड आपटून ओरडल्या, "हे मोरपंखी हाय? हे शेवाळ हाय, शेवाळ! नवरीला काय हिरीत उभी करता का?" परत करून दुसरं यायला आठ दिवस लागणार होते. मावशी उठायला तयार नाहीत, बाहेर ही गर्दी, आणि मी घामाघूम. तेवढ्यात दाजी गाडीतून उतरून आले. शालूचा दोरा मागितला, मावळतीच्या उन्हात धरला, खिशात टाकला. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी अकरा छटांची कापडं जांगड घेऊन हजर! त्यातलं एक शालूत असं मिसळलं की मावशींनाच ते हातानं चाचपून बघावं लागलं.

त्यानंतर दाजी माझ्या दुकानातल्या स्टुलावर बसले आणि म्हणाले, "फोन चांगला हाय. पण त्याला डोळे न्हाईत. ते माझ्याकडं हायेत. आता मी सांगतो तसं करा." कुणाची हिंमत नाही म्हणायची? महिन्याभरात त्यांनी परभणीच्या त्यांच्या सगळ्या दुकानदारांना माझ्या फोनवरच्या ग्रुपात ओढलं. जे म्हणत होते आम्हाला हे जमत नाही, त्यांच्या गल्ल्याशेजारी बसून राहिले, जमेपर्यंत. आता बायका आधी दाजींना सँपल देतात, मग दुकानदार माल दाखवतात, दाजी परभणीत त्यांच्या दुकानात उभं राहून हा घ्या, तो नको सांगतात, मग माझ्या दुकानातून ऑर्डर जाते. बाहेरून येणाऱ्या खोक्यांनाही सोडत नाहीत. परभणीत तीच वस्तू हाताळून येतात आणि मगच फोनवर बोट ठेवू देतात. पिंगळीला गाडी थांबली की खिडकीतून दोरे आत येतात. माल परत जायचं जवळजवळ थांबलं, तेव्हा कंपनीचा एक साहेब हे कसं काय म्हणून बघायला आला. दाजींनी त्याला खालून वर न्याहाळलं आणि म्हणाले, "साहेब, तुमच्या शर्टाचं तिसरं बटन येगळं हाय. सँपल द्या, उद्या आणतो."

परवा मी त्या ग्रुपात गिऱ्हाइकांचीही नावं घालत होतो. मनात आलं, पडत्या काळात ज्या बायकांनी दाजींना सोडलं नाही त्यांची नावं पहिली घालावीत. विचारलं, "दाजी, त्या वर्षी रोज दोरे द्यायच्या त्या बायका कोण कोण होत्या?"

दाजी हसले. वरच्या खिशातून प्लास्टिकची छोटी डबी काढली. तिच्यात दोरेच दोरे. एकेक बाहेर काढून ते काउंटरवर ठेवायला लागले. "ही तुमच्या लग्नात घेतलेली. ही पोरीच्या बारशाची. ही पोळ्याची, हिच्यावर चहा सांडला होता. समद्या तुमच्या अक्काच्या साड्या हायेत, पाव्हणं. मीच तर आणल्यात. मला वळखू येणार न्हाईत?"

मला अक्काचं कपाट आठवलं. खालचा कप्पा उघडायला गेलो की ती मला नेहमी दम देते, त्यात रिळांचा ढीग आहे एवढं मला ठाऊक होतं. आणि आमच्या अक्काला तुटलेलं बटणसुद्धा लावता येत नाही. वर्षभर ही बाई आपल्याच पदरांचे दोरे उपसत होती आणि मी मूर्ख इमानदार गिऱ्हाइकं मोजत होतो.

"मग तुमी बोलला कसं न्हाई?" मी विचारलं.

"बोललो असतो तर दुसऱ्या दिवशी सँपल कुणी दिलं असतं?" दाजींनी डबी बंद केली. "तिला सांगू नका. तिला वाटायलंय मला कळलं न्हाई."

आता दाजींच्या पिशव्या फुगलेल्या असतात, वरच्या खिशाचं बटण लागत नाही. नजर मात्र थोडी उतरली आहे. दोरा उन्हात धरून ते पूर्वीपेक्षा जास्त वेळ उभे राहतात, कधी मलाच विचारतात, हा जांभळ्याकडे झुकतो का हो. आज सकाळी मी स्टेशनाकडे जाताना त्यांच्या दारात थांबलो होतो. अक्का बाहेर आली आणि त्यांच्या हातात एक दोरा ठेवून म्हणाली, "शेजारच्या वहिनींचा हाय, इसरू नका."

ऊन चांगलं पडलं होतं. दाजी "बरं" म्हणाले आणि तो दोरा उन्हात न धरताच त्यांनी वरच्या खिशात ठेवला.